माती, रंग, कागद: बालवाडीच्या वर्गात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या ताईंसाठी

जूनमध्ये बालवाडी, अंगणवाडी किंवा पहिलीचा वर्ग हाती आला की आठवडाभरातच प्रश्न पडतो, हस्तकलेच्या तासाला करायचं काय? मोबाईलवर शोधलं की कागदी ताटलीचा सिंह, कापसाची मेंढी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर असं शंभर गोष्टींचं भांडार उघडतं. त्यातली एक निवडायची, रात्री बसून तीस मुलांसाठी तुकडे कापून ठेवायचे आणि सकाळी मुलांकडून चिकटवून घ्यायचे. भिंतीवर तीस सारखे सिंह लागतात, पालक खूश होतात. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी एका मुलाला त्याचा सिंह घरी न्यायला दिला, तर त्याला तीसमधला आपला कोणता ते ओळखता येईना. तेव्हा कळलं की सिंह सगळे माझेच होते, मुलांनी फक्त खळ लावली होती.

म्हणून पहिल्या वर्षासाठी माझा आग्रह एकच आहे. साहित्य मोजकं ठेवा आणि एकेक साहित्य निदान आठवडाभर रोज मुलांसमोर येऊ द्या. माती घ्या. पहिल्या दिवशी मूल ती नुसती बोटाने टोचतं. दुसऱ्या दिवशी थापतं, आपटतं. तिसऱ्या दिवशी गोळ्या आणि साप होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी गोळीला साप जोडतं आणि म्हणतं, "बाई, हा हत्ती." रोज साहित्य बदललं तर वर्ग वर्षभर पहिल्या दिवसावरच अडकून राहतो.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा पानं, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधनं झाली आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. तुमच्या खोलीत कपाट नसेल, रंगपेट्या नसतील, तर वाईट वाटून घेऊ नका.

आधी हात बघा

पहिले तीन-चार दिवस मुलांना फक्त जाड खडू आणि मोठे कागद द्या, आणि बघत बसा. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवतं, कागदावर गिरगोटा होतो. मग कधीतरी रेघ फिरून स्वतःलाच मिळते आणि बंद गोल तयार होतो. त्या मुलासाठी हा मोठा दिवस असतो. गोलाला डोळे येतात, मग डोक्यालाच थेट पाय फुटतात, पोट नसतंच. पाच-सहा वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि वरच्या कडेला आभाळाची पट्टी काढतं, मधली जागा कोरी. घराच्या भिंतीतून आतली आजी दिसते, आईच्या पोटातलं बाळ दिसतं. यातलं काहीही चूक नाही आणि काहीही दुरुस्त करायचं नाही. एकाच वयाच्या तीस मुलांमध्ये हे सगळे टप्पे एकत्र सापडतील, म्हणून तर एकच नमुना सगळ्यांना देऊन चालत नाही.

मांडणी

तीसही मुलांना एकदम साहित्य देऊ नका. आठ मुलं मातीवर, बाकीची ठोकळ्यांवर, गोष्टीच्या पुस्तकांवर किंवा मदतनीस ताईंबरोबर अंगणात. चार दिवसांत सगळ्यांची पाळी येते. हे पहिल्या दिवशीच मुलांना सांगा आणि पाळीची यादी भिंतीवर चिकटवा. वाचता येत नसलं तरी आपल्या नावापुढचं चित्र मुलं ओळखतात. म्हणजे एका साहित्याचा आठवडा तुमच्यासाठी महिन्याभराचा होतो, आणि तसाच होऊ द्या.

खाली अंथरायला जुना फ्लेक्स मागून आणा. वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फ्लेक्स गावोगाव पडून असतात. उलटा अंथरला की पांढरी बाजू वर येते आणि धुताही येतो. अंगात घरातल्या मोठ्यांचे जुने शर्ट उलटे, बटणं पाठीवर. पाण्याची एक बादली आणि दोन ओली फडकी मुलांच्या हाताशी ठेवा, म्हणजे हात धुवायला कुणी दारापर्यंत धावणार नाही. आवरायला दहा मिनिटं आधीच राखून ठेवा आणि ते काम मुलांनाच करू द्या. फरशी पुसणं त्यांना रंगवण्याइतकंच आवडतं.

मदतनीस ताईंशी आदल्या दिवशी बोला. त्या मायेपोटी मुलाच्या हातातली माती घेऊन बैल 'नीट' करून देतात. तो नीट करायचा नाही हे कारणासकट समजावून सांगितलं की त्याच पुढे सगळ्यांना अडवतात.

माती

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि माती घ्या. मातीत चुकलेलं मोडता येतं, म्हणून भित्रं मूलही हात घालतं.

माती कुठली? गावात कुंभार असेल तर त्याच्याकडची सगळ्यात चांगली, मळलेलीच मिळते. गणपतीच्या आधी शाडू दुकानांत येतो. तो मऊ आणि स्वच्छ असतो, पण वाळल्यावर पटकन तुटतो. शेतातली काळी माती ओली असताना भुरळ घालते, पण पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे वस्तूला भेगा पडतात. तिच्यात बारीक वाळू किंवा चाळलेली तांबडी माती मिसळावी लागते. कोकणातली लाल माती खड्यांची, तिला दोनदा चाळा. कुत्री-मांजरं घाण करतात अशा जागेची माती आणू नका आणि हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी दुसरं काम द्या.

तयारी अशी: सुकी ढेकळं फोडून बादलीत भिजत घाला. दुसऱ्या दिवशी हाताने ढवळा, जुन्या ओढणीतून किंवा चाळणीतून गाळा. काचा, मुळं, खडे इथेच निघतात. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता आणि गाळ गोणपाटावर पसरा. तळव्याला चिकटेनाशी झाली की मळून गोळे करा, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. परीक्षा सोपी आहे. बोटाएवढा साप वळून आपल्या बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा, चिकटला तर अजून वाळू द्या. प्रत्येक मुलाला मोसंबीएवढा गोळा. आठ मुलांना साधारण तीन किलो लागते.

पहिल्या दिवशी गोळा हातात द्या आणि काय करायचं ते सांगूच नका. एखादं मूल हात मागे घेईल, "घाण आहे" म्हणेल. घरी कपडे मळवल्याबद्दल ओरडा बसत असतो. त्याला बळजबरी करू नका, हातात काडी द्या. काडीने टोचता टोचता दोन-तीन दिवसांत बोट कधी लागतं ते त्यालाही कळत नाही. तिसऱ्या दिवशी टाकाऊ कंगवा, बाटलीचं झाकण, खराट्याच्या काड्या ठेवा. पहिल्याच दिवशी ठेवल्या तर हात मातीशी बोलतच नाहीत.

मग पाय गळून पडायला लागतात. हत्ती उभा राहत नाही, मूल रडकुंडीला येतं. आता तुमची शिकवायची वेळ. जोडायच्या दोन्ही जागा काडीने खरवडा, खळीसारखा पातळ चिखल लावा, दाबा आणि सांधा बोटाने सारवा. हे स्वतःच्या गोळ्यावर करून दाखवा आणि मुलं सुरू करायच्या आत तो गोळा मोडून टाका. तुमचा हत्ती समोर राहिला तर आठही मुलं तोच हत्ती करतील किंवा "मला तसा येत नाही" म्हणून हात आखडतील. कसं जोडायचं ते जरूर शिकवावं, काय करायचं ते मुलावर सोडावं.

लिंबापेक्षा जाड भाग वाळताना तडकतो. बैलाचं पोट जाड असेल तर खालून पेन्सिलीने एक खोल भोक पाडा. सावलीतच वाळवा. उन्हात वरची कातडी आधी वाळते, आतला भाग ओला राहतो आणि तडा जातो. पावसाळ्यात आठवडाही लागतो, घाई करू नका.

ही माती श्रावणात सुरू केलीत तर पोळा जवळच असतो. ज्या मुलांच्या दारात बैल आहेत त्यांचे बैल बघण्यासारखे असतात. वशिंड, वेसण, झूल, काही विसरत नाहीत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात, तिथे मातीचा बैल त्यांच्या शेजारी उभा राहू द्या. शहरातल्या वर्गाने मात्र कधी न पाहिलेला बैल चित्रावरून करावा असा हट्ट नको. माझ्या शहरातल्या वर्गात पोळ्याच्या दिवशी तीन कुत्री, एक रिक्षा आणि कचऱ्याची गाडी झाली होती. कचऱ्याच्या गाडीला मागचा उघडणारा दरवाजासुद्धा होता.

काही जण मळलेली कणीक आणि मीठ वापरायला सांगतात: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. ती मऊ लागते, पण मी वापरत नाही. ज्या घरात पीठ मोजून येतं त्या घरातलं मूल माझ्या वर्गात पिठाशी खेळून ते फेकताना बघतं, हे मला पटत नाही. शिवाय इतकं मीठ लहान मुलाच्या पोटात गेलेलं बरं नाही.

बोलायचं काय

नव्या ताईंना सगळ्यात अवघड हेच जातं. "वा, छान!" सगळ्यांना म्हणत गेलो की मुलं काम सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतात. "हे काय आहे?" विचारलं तर ज्याच्या मनात काहीच नव्हतं त्याला घाईघाईने उत्तर बनवावं लागतं. दिसतंय तेवढंच बोला: "इथे तू खूप खड्डे पाडलेस." "ही रेघ पार कडेपर्यंत गेली." मग थांबा. सांगायचं असेल तर मूल सांगतंच.

"बाई, तुम्हीच काढून द्या" ही मागणी रोज येईल. काढून देऊ नका, आणि "तुला येतं, काढ" म्हणून टाळूही नका. घोडा काढायचा असेल तर म्हणा, "चल, तू घोडा हो." मूल हातापायांवर उभं राहतं. "आता तुझे पाय कुठेत? मान कुठे वळली?" अंगाला समजलेला घोडा मग कागदावर उतरतो, पाच पायांचा का असेना.

रंग

दोन रंगांपासून सुरुवात करा. आधी पिवळा आणि लाल, काही दिवसांनी पिवळा आणि निळा. बारा रंग एकदम दिले की दहाव्या मिनिटाला सगळं तपकिरी होतं. दोनच असले की नारिंगी किंवा हिरवा रंग मुलांना स्वतः सापडतो, आणि सापडल्यावर जी आरोळी उठते ती ऐकण्यासारखी असते.

विकतचे रंग परवडत नसतील तर दोन चमचे गेरू, एक चमचा खळ आणि पाणी घालून पातळ पिठल्याइतकं दाट कालवा. झकास तांबडा रंग होतो. हळदीचा पिवळा, चुलीतल्या विझलेल्या कोळशाची पूड कालवून काळा. फाल्गुनात पळसाची फुलं उकळली की केशरी पाणी निघतं. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाका, रंग उतरला की त्यात लिंबू पिळा, निळ्याचं जांभळं-गुलाबी होतं. हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की तिथे लालसर रेघ उमटते. हे दोन्ही खेळ मुलं महिनाभर मागतात. हळदीत चुना घालून लाल करायची पद्धत घरात असते, वर्गात नको. चुना डोळ्यात गेला तर इजा होते. रंगपंचमीच्या पुड्या आणि भिंतीचे रंगही लांब ठेवा.

ब्रश जाड हवा, बारीक ब्रश लहान मुठीत टिकत नाही. कडुनिंबाची काडी दातवणासारखी ठेचली की ब्रश तयार. काडीला चिंधी बांधली की दुसरा. रंग करवंटीत ओता आणि प्रत्येक रंगाला वेगळी काडी. कागद मोठा असू द्या. छापखान्यात कातरणीच्या कडा आणि एका बाजूने छापलेले वाया गेलेले ताव मागितले की मिळतात, किराणा दुकानात पुठ्ठ्याची खोकी.

मुलगी सुंदर घर काढते आणि मग त्यावर गेरूचा हात फिरवून सगळं बुजवून टाकते, तेव्हा कागद ओढून घ्यावासा वाटतो. मी एकदा ओढला होता. ती रडत म्हणाली, "पाऊस आला ना, चिखल झाला, घर दिसत नाहीये." गोष्ट चालू होती आणि मी मध्येच तोडली. तेव्हापासून 'आता पुरे' हे मूल ठरवतं.

सहा-सात वर्षांच्या मुलांना खोक्याच्या पुठ्ठ्यावर गेरूचा हात, तांदळाच्या पिठाचं दाट पाणी आणि बांबूची टोकदार काडी दिली की वारलीची ओळख होते. कुठून आलं तेही सांगा. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, आणि ही रेघ कागदावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोणांचा माणूस एकदा फळ्यावर दाखवा आणि पुसा. मग मुलांना आपला बाजार, आपला नळ, आपली एसटी काढू द्या. वारली चित्रांतला नेहमीचा तारपा नाच उतरवून घेण्याची सक्ती केली तर पुन्हा तीस सिंहांवरच येऊ.

कागद, खळ, कात्री

खळ घरची करा. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळा, चकाकी येईपर्यंत तीन-चार मिनिटं शिजवा. मोठी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत चिमूटभरही नको. दोन दिवस पुरेल इतकीच करा, आंबूस वास आला की फेका.

आधी फाडणं, मग कापणं. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ पट्टीत फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. हे सांगू नका, मुलं शोधतात आणि एकमेकांना दाखवत सुटतात. आठवडाभर फाडून बोटांत जोर आला की गोल टोकाची कात्री. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या, एका चापात तुकडा पडेल अशा. अंगठा वरच्या बाजूला. कात्री हातात असताना बसूनच राहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि सगळ्यांना. डावखुऱ्या मुलाला साधी कात्री नीट कापत नाही, दोष त्याच्या हाताचा नसतो. डाव्या हाताची कात्री मिळवा, आणि घरून "उजव्या हाताने कर" असा निरोप आला तर पालकांना भेटून बोला.

ठसेकामाला फार सांगण्यासारखं नाही. ताटलीत घडी घातलेलं ओलं फडकं, त्यावर रंग, आणि जून भेंडी, केळीच्या पानाचा आडवा कापलेला दांडा, कारल्याची चकती. जे भाजीत जाणार नाही तेच घ्या.

गोळा करताना

शिंपले, करवंट्या, कणसाची सालं, वाळकी पानं, बाभळीच्या शेंगा, पिसं: मुलांना पिशवी दिली की दोन दिवसांत कोपरा भरतो. पण काय आलं ते तुम्ही स्वतः निवडून घ्या. लाल-काळ्या गुंजा फार देखण्या असतात आणि जीवघेण्या विषारी. एरंडाच्या बिया, कण्हेर, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, धोत्रा, सगळं बाहेर. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला अपाय होतो. कोकणात आणि गोव्यात ओल्या काजूबिया येतील, त्यांच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते. सीताफळाच्या बिया फोडू देऊ नका. अंगणवाडीत मोठ्या भावंडांचं बोट धरून दोन वर्षांची मुलंही येतात, त्या दिवशी मणी, चिंचोके, मोती असलं बारीक काही काढूच नका. नाकात आणि कानात घालायला त्यांना क्षण पुरतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी अंगणात दगडमातीचा किल्ला करा, पहिलीच्या मुलांसाठी याहून मोठं काम नाही. उतारावर हळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ येते.

पालक आणि भिंत

प्रत्येक कागदाच्या मागे नाव आणि तारीख लिहा, आणि मुलाने काही सांगितलं असेल तर त्याच्याच शब्दांत. "हा माझा मामा आहे, तो रागावलाय." ही ओळ वाचली की पालक "हे काय गिरबटलंय?" विचारत नाहीत. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. चांगली निवडून लावू नका, सगळी लावा, ज्याला लावायचं नसेल त्याचं ठेवून द्या. जून, नोव्हेंबर आणि एप्रिल अशी प्रत्येकाची तीन चित्रं जपा आणि पालकसभेत शेजारी शेजारी मांडा. पालक आपण होऊनच बोलायला लागतात.

"अभ्यास कधी घेता?" असं विचारायला कुणी वर्गात आलं तर शांतपणे सांगा की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे आणि त्यात खेळ, कला, हस्तकाम यांना अभ्यासातच जागा आहे. माती वळणारी बोटंच उद्या पेन्सिल धरणार आहेत, हे मात्र त्यांना वर्गात बसवूनच दाखवा.

आता राहिलं वाळलेल्या मातीचं. ज्या वस्तू घरी न्यायच्या नाहीत त्या शनिवारी पाण्याच्या बादलीत परत टाका. त्या कडकडीत वाळलेल्या असल्या पाहिजेत, अर्धवट ओल्या लवकर विरघळत नाहीत. काचेची बरणी मिळाली तर एक गोळा तिच्यात सोडा आणि मुलांना भोवती बसवा. बुडबुडे येतात, कडा सुटतात, पाय गळतो, हत्ती हळूहळू चिखल होतो. आपला हत्ती टाकायचा की ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. सोमवारी तीच माती गाळून, गोणपाटावर पसरून पुढच्या आठ मुलांसाठी तयार करा.